गोव्यात डाइव्हिंगचा सीझन काढताय? मग कान, सांधे आणि पाठीचा कणा सांभाळायचं कसं ते वाचा

गोव्यातलं स्कूबाचं पाणी उथळ. ग्रँड आयलंडच्या आसपास बहुतेक डाइव्ह ५ ते १५ मीटरमध्येच उरकतात, सुझीज रेक हे बुडालेलं जहाजसुद्धा काही फार खोल नाही, त्यामुळे इथे बोटीवर काम करणाऱ्या पोरांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं, "एवढ्याशा पाण्यात काय होतंय रे?" आणि एका डाइव्हला सहसा काही होत नाही. पण तेच ऑक्टोबरपासून मेपर्यंत, रोज, दिवसातून सात-आठ वेळा, आणि असे पाच-सहा सीझन केले की हिशेब वेगळा लागतो.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण साइडची पोरं जी गोव्यात डाइव्हमास्टर किंवा हेल्पर म्हणून लागतात. दुसरे म्हणजे पुण्या-मुंबईचे, ज्यांनी कोर्स केलाय आणि लाँग वीकेंडला दोन दिवसांत पाच-सहा डाइव्ह कोंबून रविवारी रात्रीची फ्लाइट पकडायची असते. दोघंही लिमिट ढकलत असतात, फक्त आपण ढकलतोय हे त्यांच्या लक्षात येत नाही कारण लिमिट म्हटलं की सगळ्यांना फक्त खोली आठवते.

लिमिट चार आहेत: किती खोल, किती वेळ, किती वेगात वर आलात, आणि दिवसातून किती वेळा वर-खाली केलंत. पहिलं सगळे पाळतात. ओपन वॉटर म्हणजे पहिला कोर्स केलेल्याला १८ मीटर, अॅडव्हान्सवाल्याला ३०, आणि हौशी डाइव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटर, हे कार्डावरच असतं. दुसरं मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांभाळतो. तिसरं आणि चौथं मात्र कुणी मोजत नाही आणि गोव्यात नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

का ते सांगतो. पृष्ठभागावर दाब १ बार, १० मीटरवर २, २० वर ३, ३० वर ४. म्हणजे ३० मीटरवरून २० वर आलात तर अंगातली हवा एक तृतीयांशाने फुगते, पण १० वरून वर आलात की थेट दुप्पट. सगळ्यात जास्त फुगवटा शेवटच्या दहा मीटरमध्ये, आणि आपण तर सीझनभर त्याच दहा मीटरमध्ये असतो. श्वास रोखून जेमतेम दीड मीटरवरून वर आलेल्यांचीही फुफ्फुसं फाटल्याची उदाहरणं आहेत, म्हणून "उथळ आहे, चालतंय" हे डोक्यातून काढा.

आता बोटीवरचा दिवस बघा. गेस्टला (म्हणजे हौसेने आलेल्या पर्यटकाला) मागून सिलिंडरच्या व्हॉल्व्हला धरून खाली न्यायचं, व्हिजिबिलिटी तीन मीटर, गेस्ट घाबरतो, अंगठा वर करतो (म्हणजे वर जायचंय), पाय झाडायला लागतो, गाइड त्याच्यासोबत झपकन वर. पाच मिनिटांत पुढचा गेस्ट. मधे जरा वेळ मिळाला की बसायचं सोडून सिलिंडर ओढायचे, एकेक पंधरा किलोच्या वर, ते शिडीवरून घ्यायचे, मग नांगर ओढायचा. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो, आणि डाइव्हनंतर रक्तात त्याचे बारीक बुडबुडे बऱ्याचदा असतात, कुणालाही होऊ शकतात, बहुतेक फुफ्फुसात गाळले जातात. पण त्याच वेळी दात-ओठ खाऊन वजन उचललं की बुडबुडे वाढतात आणि भलतीकडे जायची शक्यताही वाढते. तेव्हा पहिला नियम हाच: जो पाण्यातून आलाय त्याने निदान तासभर सिलिंडर उचलायचे नाहीत, तोवर जो पाण्यात गेला नाही तो उचलेल. मालक कुरकुर करेल, करू दे.

कान

सगळ्यात आधी कान जातात, आणि तेही सावकाश. सुरुवातीला फक्त संध्याकाळी कानाला दडे बसतात, सकाळी सुटतात. मग सुटायला दोन दिवस लागतात. मग एक दिवस रात्री शांत झोपलं की कानात बारीक शीळ वाजत राहते, ती जातच नाही. जोर लावून, नाक दाबून, लालबुंद होईपर्यंत हवा ढकलली की आतल्या कानाचा पातळ पापुद्रा फाटू शकतो, आणि तिथलं नुकसान बऱ्याचदा कायमचं असतं: ऐकू कमी येणं, चक्कर, शीळ.

करायचं काय? पाय खाली ठेवून दोरीने उतरा, दुखायच्या आधी इक्वलाइज करा (नाक दाबून हलकेच फुंकून कानातला दाब सारखा करा), दर मीटरला करा, बोटीवर बसल्या बसल्याच एकदा करून बघा. नाही सुटला तर एक मीटर वर या, पुन्हा हळू प्रयत्न, तरी नाही तर डाइव्ह बंद. गेस्ट खाली ओढत असेल तर त्यालाही घेऊन वर. सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी किंवा स्प्रे मारून उतरू नका, त्याचा असर खाली असतानाच उतरला की वर येताना हवा आत अडकते आणि तेव्हा तर वर यावंच लागतं, पर्याय नसतो.

कान ओला राहून जो खाजतो, पिकतो, तो वेगळा प्रकार. गोड्या पाण्याने धुवा, डोकं वाकडं करून पाणी काढा, टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरून पुसा. काडी नको, चावी नको (हो, बोटीवर चावीने कान कोरणारे आहेत), आणि घरी कोमट तेल घालायला सांगतील तर तेही नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. थेंब वापरायचे तर आधी ईएनटीला कान दाखवून.

सांधे आणि हाडं

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. संध्याकाळी खांदा ठणकतो, पोरं म्हणतात सिलिंडर उचलून दुखतोय, बाम चोळतात, एक पेनकिलर, वर थोडी उर्राक (काजूची दारू), झोप. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण खांदा, कोपर, गुडघा इथे खोलवर, नेमकं बोट ठेवता न येणारं दुखणं डाइव्हनंतर काही तासांत सुरू झालं तर तो बेंड्स, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होणारा आजार, असू शकतो. पेनकिलरने थांबलं म्हणजे बेंड्स नव्हता असं होत नाही.

हाडांचं प्रकरण याच्याही पुढचं. मांडीच्या आणि दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्तपुरवठा तुटून हाडाचा तो तुकडा मरतो, याला डिसबॅरिक ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. जुन्या काळी पुलांच्या पायासाठी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर, नंतर कमर्शियल डाइव्हर, यांच्यात हे पुष्कळ सापडलं. लिमिटमध्ये राहणाऱ्या हौशी डाइव्हरला क्वचितच होतं. वाईट भाग असा की सुरुवातीला काही दुखत नाही, एक्स-रेतही महिनोन्महिने दिसत नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसतं, आणि दुखायला लागतं तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग खचायला लागलेला असतो. मग हिप बदलणं वगैरे.

आणि त्याला वर्षानुवर्षं डाइव्ह करावं लागतंच असंही नाही. १९३१ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांची पोसायडन नावाची पाणबुडी बुडाली, आत दाबाखाली काही तास अडकून मग वर निसटलेल्यांपैकी तिघांच्या हाडांत १२ वर्षांनी हाच आजार सापडला. एकदाच दाबाखाली गेले होते ते. त्यामुळे "झाला होता एकदा बेंड्स, आता ठीक आहे" असं म्हणणाऱ्याने वर्षभरात खांदा-कंबर एकदा तपासून घ्यावीच.

कणा, हृदय, डोकं

नायट्रोजनचा बुडबुडा पाठीच्या कण्यात बसला तर पाय बधिर, चालताना तोल जाणं, लघवी अडकणं. उपचार उशिरा मिळाले तर हे आयुष्यभर राहू शकतं. होंडुरास आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यावर लॉबस्टर काढणारे मिस्किटो या आदिवासी जमातीचे डाइव्हर आहेत, दिवसाला सिलिंडरवर सिलिंडर संपवतात, ना कॉम्प्युटर ना ट्रेनिंग, त्यांच्यातले शेकडो जण व्हीलचेअरवर किंवा काठीवर आहेत. लिमिट कायमचं ढकललं की काय होतं ते बघायचं तर तिकडे बघा.

साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची एक झडप पूर्ण बंद झालेली नसते, पीएफओ म्हणतात. एरवी त्रास शून्य. पण बुडबुडे फुफ्फुसात गाळले न जाता तिथून थेट मेंदू-कण्याकडे जाऊ शकतात. सगळ्यांनी टेस्ट करत सुटायची गरज नाही, मात्र लिमिटमध्ये राहूनही बेंड्स झाला, किंवा डाइव्हनंतर अंगावर संगमरवरासारखे जांभळट चट्टे आले, तर डॉक्टरला पीएफओबद्दल आवर्जून विचारा.

मेंदूवर दीर्घकाळात परिणाम होतो का यावर संशोधकांत एकमत नाही, काहींना एमआरआयमध्ये पांढरे ठिपके जास्त दिसले, काहींना फरक दिसला नाही. मी म्हणेन वाट कशाला बघायची. पन्नाशीच्या पुढच्यांनी मात्र बुडबुड्यांच्या आधी हृदय तपासावं, डाइव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे.

रोजची शिस्त

स्वतःचा कॉम्प्युटर घ्या, आणि गेस्टला ६ मीटरवर नेतानाही घाला. तो दुसऱ्याला द्यायचा नाही, कारण त्यात तुमच्या अंगातल्या नायट्रोजनची उधारी मांडलेली असते, दुसऱ्याने घातला की दोघांचाही हिशेब चुकतो. सेटिंगमध्ये कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे जास्त सावध बाजूला एक पायरी वाढवा. १८ मीटरला पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलवर ५६ मिनिटं आणि ३० ला २० मिनिटं मिळतात, पण ते पहिल्या डाइव्हचे आकडे आहेत, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत खाली थांबणं म्हणजेच लिमिट ढकलणं.

वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी. ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉप, आणि त्यानंतरचे शेवटचे ५ मीटर भसकन नाही, तिथेही एक मिनिट घालवा. गेस्टवाल्या दिवशी वर-खाली कमी कसं होईल ते बघा: ब्रीफिंग आणि श्वासाची प्रॅक्टिस पृष्ठभागावरच नीट करून घेतली तर अर्धे गेस्ट घाबरतच नाहीत, आणि एक गाइड पाण्यात एक बोटीवर अशी पाळी लावली तर कुणालाच दिवसभर मार बसत नाही. तीन-चार दिवस सलग काम झालं की एक दिवस कोरडा.

पाणी प्या, बोटीवर उन्हात अंग सुकतं आणि सुकलेल्या अंगात बेंड्सचा धोका वाढतो असं मानतात. बिअर आणि उर्राक डाइव्हच्या आधी नाही, आदल्या रात्री जपून, आणि डाइव्हनंतर लगेच तर अजिबात नको, कारण नशा आणि बेंड्स दोन्हीत माणूस सारखाच झोकांड्या खातो, कळणार कसं?

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाणाऱ्यांना पाणी जास्त खोल मिळतं, तिथे नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजनवाली हवा) कामाला येतो. ३२ टक्के ऑक्सिजनवाला घेऊन कॉम्प्युटर साध्या हवेवरच ठेवला तर नायट्रोजनच्या बाजूने मार्जिन वाढतं. पण त्याची खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर, त्याखाली ऑक्सिजनच विषारी होऊन फिट येऊ शकते आणि कॉम्प्युटर हवेवर असेल तर तो ओरडणारही नाही, ती मर्यादा तुम्हालाच लक्षात ठेवायची.

फ्लाइट आणि घाट

विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो. त्यामुळे एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त डाइव्ह किंवा जास्त दिवस असतील तर निदान १८ तास, डेको (वर येताना मधे थांबावंच लागतं असा डाइव्ह) केला असेल तर त्याहून बरंच जास्त थांबा. मी सरसकट २४ धरायला सांगतो. दाबोळी असो की मोपा, रविवारी दुपारी डाइव्ह आणि रात्री फ्लाइट हे जमत नाही म्हणजे नाही, शेवटचा दिवस जेवण-झोपेसाठी ठेवा.

गाडीने जाणारे म्हणतात आम्ही कुठे उडतोय. अहो, आंबोली सुमारे ७०० मीटर आहे, चोर्ल्यावरून बेळगावला गेलात तरी तेवढंच. पाडी ३०० मीटरच्या वरच्या डाइव्हला अल्टिट्यूड डाइव्ह धरते, तर ७०० ला दुर्लक्ष कसं करणार. संध्याकाळी घाट चढायचा असेल तर डाइव्ह सकाळी लवकर, एखादीच, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी निघा.

काही झालंच तर

बेंड्सची लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या सहा तासांत दिसतात, जवळपास सगळी २४ तासांत. सांधा ठणकणं, मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर, लघवीला न होणं, यातलं काहीही. माणसाला आडवं झोपवा, १०० टक्के ऑक्सिजन मास्कने सुरू करा, शुद्धीत असेल तर पाणी द्या, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की स्कूबा डाइव्ह केलाय, किती खोल, किती वाजता. ऑक्सिजनवर बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका. आणि "परत खाली नेऊन आणतो, सुटेल" हे कुणी म्हणालं तर त्याला बोटीवरून उतरवा.

खरा उपचार रिकंप्रेशन चेंबरमध्ये (आत हवेचा दाब पुन्हा वाढवता येणारी बंद टाकी), साधारण १८ मीटरच्या दाबाला ऑक्सिजन देत जवळपास पाच तास. म्हणून डाइव्ह शॉप निवडताना किंवा तिथे नोकरी धरताना विचारायचे प्रश्न हे: बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, भरलेला आहे का (उघडून दाखवायला लावा), सध्या चालू असलेला जवळचा चेंबर कुठे, तिथे न्यायचा रस्ता घाटातून जातो का, आणि स्टाफचा डाइव्हिंग इन्शुरन्स कोण भरतं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, मग स्वतःचा काढा. साध्या मेडिक्लेममध्ये स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, बारीक अक्षर वाचा.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर बोटी बंद असतात, तेव्हा वर्षाची तपासणी उरकून घ्या: ईएनटीकडे कान आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), फुफ्फुसांची स्पायरोमेट्री (श्वासाची चाचणी), बीपी-ईसीजी, आणि खांदा किंवा जांघेत महिनाभर टिकलेलं दुखणं असेल तर ऑर्थोपेडिककडे जाऊन डाइव्हिंगचं काम सांगून एमआरआयबद्दल विचारणं. पहिल्या वर्षीचे रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या ऑडिओग्रामशी ताडून बघायला तेच लागतात.