मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर लिहिताय? या चुका टाळा

हा विषय प्रकल्पासाठी घेणारे विद्यार्थी बहुधा गेल मिनॉल्ट आणि बार्बरा मेटकाफ या दोन अमेरिकन इतिहासकारांची नावं संदर्भसूचीत टाकतात. मजकुरात मात्र अनेकदा त्यांच्या म्हणण्याच्या नेमकं उलट लिहिलेलं सापडतं.

‘देवबंद विरोधात, अलीगढ बाजूने’

सगळ्यात मोठी चूक हीच. स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नावर एका बाजूला देवबंदच्या मदरशातले सनातनी मौलवी आणि दुसऱ्या बाजूला अलीगढच्या कॉलेजातले इंग्रजी शिकलेले सुधारक, अशी सोयीची विभागणी करून आपण मोकळे होतो. पण १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना अलीगढ कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांनीच आधी पुरुष पुरेसे शिकू देत, मुलींच्या शिक्षणाचं नंतर बघू, अशी भूमिका मांडली होती. उलट ‘हुकूक-ए-निस्वाँ’ लिहून स्त्रियांच्या हक्कांची बाजू शरियतच्याच आधारे मांडणारे मुमताज अली हे देवबंदमध्ये शिकलेले. त्यांनी हस्तलिखित सर सय्यदांना दाखवलं, तर त्यांनी ते संतापून फाडलं आणि टोपलीत टाकलं, असा प्रसंग मिनॉल्ट सांगतात. पुस्तक छापून आलं ते १८९८ मध्ये, सर सय्यद गेल्यावर. त्याच वर्षी लाहोरला ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ हे साप्ताहिक सुरू झालं. संपादक मुमताज अलींच्या पत्नी मुहम्मदी बेगम. अलीगढमध्ये मुलींची शाळा निघायला १९०६ उजाडलं, तीही शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम या दांपत्याच्या चिकाटीमुळे.

‘बिहिश्ती ज़ेवर’ न वाचताच निकाल

देवबंदी धर्मपंडित अशरफ अली थानवींचं हे पुस्तक म्हणजे बायकांना घरात डांबण्याची नियमावली, असं बिनधास्त लिहिलं जातं. पहिल्या भागात उर्दू मुळाक्षरं आणि पत्रांचे नमुने आहेत. पुढे नमाज-रोज्याबरोबर हिशेब आणि घरगुती औषधंही येतात. मेटकाफ यांचा मुद्दा बारकाईने पाहा: थानवी बाईची बुद्धी पुरुषापेक्षा वेगळ्या जातीची मानत नाहीत, धर्मज्ञान दोघांना एकच लागतं असं धरून चालतात. त्यांचा रोख लग्न-मयतीतल्या खर्चिक रूढींवर आहे. नवऱ्याची आज्ञा पाळण्याचा उपदेशही त्याच पुस्तकात आहे, तो झाकून थानवींना स्त्रीमुक्तीवाले करू नका.

आणि उपदेश म्हणजे वास्तव नव्हे. नज़ीर अहमद यांच्या १८६९च्या ‘मिरात-उल-उरूस’ या उर्दू कादंबरीतली शहाणी असग़री आणि वेंधळी अकबरी वाचून ‘तेव्हाच्या दिल्लीतल्या बायका अशा होत्या’ असा निष्कर्ष काढला, तर एका सरकारी अधिकाऱ्याला घरंदाज मुलगी कशी हवी होती, एवढंच तुम्ही सिद्ध करता.

हिजरी सनात ६२२ मिळवणं

देवबंदचा मदरसा १२८३ हिजरीतला. इसवी सन काढायला सरळ ६२२ मिळवले की उत्तर येतं १९०५. चाळीसेक वर्षांची चूक! चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून आधी ०.९७ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. उत्तर येतं १८६६, आणि तेच बरोबर आहे. एक हिजरी वर्ष दोन इसवी सनांत पसरतं, त्यामुळे महिना माहीत नसेल तर ‘१८६६-६७’ असं लिहिलेलं बरं.

नाव सापडत नाही म्हणजे लेखिकाच नाही

जुन्या उर्दू मासिकांची सूची चाळून ‘स्त्रिया लिहीतच नव्हत्या’ असं ठरवणारे महाभाग आहेत. परक्या पुरुषाच्या तोंडी नाव जाणं हाही पडदा मोडल्यासारखाच मानला जाई. म्हणून लेखाखाली ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ किंवा नुसती आद्याक्षरं असत. ज़ाहिदा ख़ातून शेरवानी ही त्या काळातली ठळक कवयित्री, पण शोधायची ‘ज़े ख़े शीन’ या अक्षरांखाली.

आपल्याकडचं साहित्य शोधतानाही पुणे-मुंबईतच अडकू नका. जंजिरा संस्थानच्या नाज़ली बेगम यांची बहीण अतिया फ़ैज़ी १९०६ मध्ये अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेली. तिथली तिची रोजनिशी छापून आली लाहोरच्या ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’मध्ये, आणि तीही उर्दूत.