दिवाडी बेटावर चार दिवस : ख्रिस्ती कुटुंबाने मुक्काम कसा आखावा

माझे माहेर वसईचे आणि सासर पणजीजवळचे असल्यामुळे नाताळच्या सुट्टीत माहेरची मंडळी आली, की ‘आम्हाला बेटावर राहायचे आहे’ हा हट्ट ठरलेला असतो. त्यांच्या मनात समुद्रातले निर्जन बेट असते. मी त्यांना मांडवीच्या पात्रातल्या दिवाडीला नेते. तेथे जायला आजही पूल नाही, आणि मुलांना बेटावर आल्यासारखे वाटायला एवढे पुरते. मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा येथील झेंड्यांचा उत्सव असतो. तो सोहळा पाहण्यासारखा असला, तरी त्या दिवशी सामानसुमान आणि लहान मुले घेऊन फेरीबोट गाठणे फार जिकिरीचे होते.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरले, की फेरीबोटीचा धक्का येतो. पायी जाणाऱ्यांना फेरीबोटीचे तिकीट पडत नाही. रात्री उशिरा फेऱ्या विरळ होतात, त्यामुळे पहिल्या दिवशी उजेडातच पलीकडे पोहोचावे. औषधे, डासांचे मलम, विजेरी आणि पायात घट्ट बसणारे बूट बरोबर असावेत. खाजनाजवळच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीजवळच्या) विहिरींचे पाणी मचूळ असू शकते, म्हणून पिण्याचे पाणी घरमालकाला विचारूनच भरावे.

आता खऱ्या कामाची गोष्ट. बेटावरचा दिवस घड्याळावर आखू नये, भरती-ओहोटीवर आखावा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. एकादशीला अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. बेट नदीत आत असल्यामुळे तेथे पाणी थोडे उशिरा चढते. हा केवळ अंदाज आहे. होडी ठरवताना नावाड्याचा शब्द अखेरचा मानावा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरून चालत नाही.

हे मी अनुभवाने शिकले. एका षष्ठीला, आपल्याला सगळे कळते अशा थाटात, मी नावाड्याला न विचारता भाच्यांना घेऊन सकाळी साडेआठला लहान होडीतून तिवरांच्या चिंचोळ्या खाडीत शिरले. सहा पाऊणे साडेचार. म्हणजे भरती पहाटेच उलटून गेली होती. दहाच्या आत होडीचा तळ चिखलाला टेकला, आणि धाकटा भाचा ढकलायला म्हणून उतरला, तो गुडघ्यापर्यंत रुतला. अशा वेळी पाय जोराने उपटू नये, कारण एक निघतो तेव्हा दुसरा आणखी खोल जातो. मागे रेलून अंगाचा भार होडीवर किंवा आडव्या वल्ह्यावर टाकावा, घोटा हळूहळू हलवून चिखलात पाणी शिरू द्यावे आणि मग पाय सोडवावा. त्याचा पाय निघाला, सपात मात्र तेथेच राहिली. पाणी परत येईपर्यंत आम्ही उन्हात बसून राहिलो. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, हे लक्षात ठेवून या भागात मुलांना पाण्यात पोहायला सोडू नये आणि चिखलाच्या काठावर एकटे उतरू देऊ नये.

भरतीचे हे गणित मुलांना शेतातही दाखवता येते. खाजन जमिनीच्या बांधात ‘मानस’ नावाची दारे असतात. भरतीच्या दाबाने ती मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. तेथे अर्धा तास उभे राहिले, तर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. पक्षी पाहायचे असतील, तर रायबंदरहून फेरीबोटीने शेजारच्या चोडण बेटावर जावे. तेथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 सालचे, केवळ 1.78 चौरस किलोमीटरचे आहे. सकाळी लवकर गेल्यास पक्षी अधिक दिसतात.

रविवारची मिसा (चर्चमधली सामूहिक उपासना) टेकडीवरच्या पिएदाद चर्चमध्ये ऐकावी. वेळ आदल्या संध्याकाळी फलकावर पाहून ठेवावी आणि होडीचा बेत तिच्यानंतरचा ठेवावा. कोंकणी न समजणाऱ्या मुलांनाही मिसेचा क्रम ओळखीचा असतो, त्यामुळे ती बावरत नाहीत. संध्याकाळी यजमानांच्या घरी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना असेल, तर आपणही गुडघे टेकावेत. आमच्या मंडळींची खरी ओळख तेथेच झाली. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते. पलीकडच्या नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. तेथेही फेरीबोटीने जाता येते. मुलांना जरूर न्यावे.

परतीच्या आदल्या दिवशी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंपू वाजला, की बाहेर जाऊन दुसऱ्या सकाळच्या जास्तीच्या पोया (गोव्याचे गोल पाव) सांगून ठेवाव्यात; ऐन वेळी मागितल्या, तर त्याच्या टोपलीत शेजाऱ्यांच्या वाट्याच्याच उरलेल्या असतात.