फुप्फुसात बुरशी? आधी कोणती ते विचारा, आणि या चुका टाळा

रिपोर्टवर ‘फंगस’ हा शब्द दिसला की काही घरं हादरून जातात. काही जण नखाच्या किंवा त्वचेच्या बुरशीवर दिलेली जुनी गोळी शोधून आठवडाभर घेतात आणि विषय संपला असं मानतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: बुरशी म्हणजे एक आजार.

ॲस्परजिलस ही बुरशी घ्या. माती, कुजणारा पालापाचोळा, ओल आलेल्या भिंती, सगळीकडे ती असते. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे, त्यामुळे ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. आपण सगळेच ते रोज श्वासातून घेतो आणि फुप्फुसातल्या संरक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. पण दमा असलेल्या काही जणांत हीच बुरशी ॲलर्जी पेटवते. टीबी बरा झाल्यावर मागे उरलेल्या पोकळीत ती वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते, कधी तिथे तिचा गोळाच तयार होतो. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या माणसात ती थेट फुप्फुसात घुसते आणि काही दिवसांत जिवावर बेततं. बुरशी तीच, आजार तीन. पहिल्यात स्टेरॉइड हे औषध आहे, तिसऱ्यात तेच स्टेरॉइड आगीत तेल ओततं. म्हणून ‘ओळखीच्यांना अमुक गोळी लागू पडली’ या सल्ल्यावर औषध सुरू करू नका.

खोकला परत आला, म्हणजे टीबीच परत आला

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची. टीबीचा कोर्स पूर्ण झालेला असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी खोकला, थकवा, वजन उतरणं, बेडक्यात रक्त असं सगळं पुन्हा सुरू होतं. एक्स-रेवर जुने डाग असतातच. बेडक्यात टीबीचे जंतू सापडत नाहीत, तरी टीबीची औषधं परत सुरू होतात आणि माणूस खंगत जातो.

अशा वेळी खरं कारण जुन्या पोकळीत वाढलेली ॲस्परजिलस असू शकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ‘ॲस्परजिलसची आयजीजी रक्ततपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करायचा का?’ निदान पक्कं झालं तर बुरशीविरोधी औषध साधारण किमान ६ महिने चालतं, आठवडाभराच्या गोळ्यांनी काही होत नाही. टीबी आणि बुरशी एकाच वेळी असूही शकतात. तेव्हा आणखी एक अडचण येते. टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधांची रक्तातली पातळी इतकी पाडतं की ती घेऊन न घेतल्यासारखीच. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची जुनी चिठ्ठी घरी ठेवू नका.

आणि खोकल्यातून रक्त जास्त पडू लागलं तर ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. रक्त गळणारी धमनी आतून बंद करता येते, पण त्यासाठी वेळेत पोचावं लागतं.

बेडक्यात कॅन्डिडा आली म्हणून घाबरणं

कॅन्डिडा ही बुरशी अनेकांच्या तोंडात मुळातच असते. बेडका तोंडातूनच बाहेर येतो, येताना तिला घेऊन येतो. कॅन्डिडामुळे खरोखर न्यूमोनिया होणं फार दुर्मीळ आहे. नमुना देताना आधी साध्या पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. नुसती लाळ दिलीत तर रिपोर्ट तोंडाचा येईल, फुप्फुसाचा नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: बेडक्याच्या कल्चरमध्ये ॲस्परजिलस उगवली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असं म्हणता येत नाही.

दमा आटोक्यात नाही, नुसता पंप वाढवत राहणं

दमा एकाएकी हट्टी झाला, खोकल्यातून कफाच्या तपकिरी घट्ट गुठळ्या पडू लागल्या, तर ॲस्परजिलसच्या ॲलर्जीचा विचार व्हायलाच हवा. एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) आणि ॲस्परजिलससाठीची खास आयजीई या रक्ततपासण्या सांगितल्या जातात. दुर्लक्ष झालं तर श्वासनलिका कायमच्या सैल आणि रुंद होतात, मग त्या पूर्ववत होत नाहीत. पंपाने फुप्फुसात बुरशी होईल या भीतीने पंप बंद करणारेही आहेत. तसं करू नका. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, ती टाळायला पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका.

गोळी बरोबर, घेण्याची पद्धत चुकीची

इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली की औषध अंगी लागत नाही. त्याच औषधाचं पातळ द्रावण मात्र उपाशीपोटी. व्होरिकोनॅझोल जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर, आणि ते चालू असताना कडक ऊन टाळायचं. कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन किंवा ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोनचा पंप चालू असेल तर आधी सांगा: या गोळ्यांमुळे त्यांचा अंमल धोकादायक वाढतो. यकृताच्या तपासण्या चुकवू नका.

सगळ्या बुरशींना एकच औषध

फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर उत्तम, पण म्युकरवर (‘काळी बुरशी’ म्हणतात ती) निरुपयोगी. तिथे ॲम्फोटेरिसिन, शक्य तिथे शस्त्रक्रिया आणि साखर ताब्यात आणणं, तेही तातडीने. बुरशीसाठी केल्या जाणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या रक्ततपासण्या म्युकर पकडत नाहीत, म्हणून त्या निगेटिव्ह आल्या तरी निर्धास्त होऊ नका. न्यूमोनिया करणारी न्यूमोसिस्टिस ही बुरशी तर आणखी वेगळी. १९८८ पर्यंत तिला बुरशी मानतही नव्हते. तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल (इतर बुरशींच्या आवरणातला चरबीसारखा घटक) जवळपास नसतं आणि बहुतेक बुरशीविरोधी औषधं त्याच्यावरच घाव घालतात. तिच्यावर चालतं ते को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे एक अँटिबायोटिक.

कुठे गेला होतात, हे न सांगणं

हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढते. कॉक्सिडिऑइड्स ही बुरशी अमेरिकेतल्या ॲरिझोना, कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागांतल्या धुळीत असते. दोन्हींच्या फुप्फुसातल्या गाठी टीबी किंवा कर्करोगासारख्या दिसतात. काही महिन्यांपूर्वीची गुहेची सहल, अशा कोरड्या भागांतला प्रवास, पडक्या वास्तूची साफसफाई, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

केमोथेरपी चालू असणाऱ्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी खोदकाम, पाडकाम आणि खताच्या ढिगापासून लांब राहावं, जाणं भागच असेल तर एन९५ मास्क घट्ट बसवून. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. चार दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप उतरला नाही, तर बुरशीसाठी सीटी स्कॅन करायचा का, हे तुम्हीच विचारा.