छपराचे लाकडी पूल जपताना या चुका टाळा

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात छपराचे शंभराहून जास्त लाकडी पूल आजही उभे आहेत. पानगळीचे रंग बघायला गेलेली आपली मंडळी तिथे फोटो काढतात आणि परत आल्यावर ठामपणे सांगतात, "पाणी बघून घोडे बिचकायचे, म्हणून छप्पर घालायचे." इथूनच घोळ सुरू होतो. छप्पर असतं ते पुलाच्या लाकडासाठी. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कुजायला लागतो, झाकलेला शंभर वर्षंही काढतो. 1805 मध्ये फिलाडेल्फियाच्या पुलावर न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी छप्पर घालायला लावलं ते याच हिशोबाने. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

उजेडासाठी बाजूच्या फळ्या काढणे

आत अंधार वाटतो, नदी दिसत नाही, म्हणून फळ्या काढायचा मोह होतो. कोकणात मातीच्या भिंतीला पावसाळ्यात झापांची झड बांधतात, तेच काम या फळ्या करतात. खरा पूल, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, त्यांच्या आड असतो. अमेरिकी वास्तुकार इथिएल टाउन यांनी 1820 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत जाड फळ्या तिरप्या, एकमेकींवर जाळीसारख्या ठेवून ओकच्या खुंट्यांनी ठोकलेल्या असतात. भल्यामोठ्या तुळया लागत नाहीत, गावचा सुतारही काम उचलू शकतो, म्हणून ही पद्धत खेडोपाडी पसरली. पण जितक्या खुंट्या तितकी भोकं, आणि पाणी नेमकं तिथेच मुरतं. उजेड हवाच असेल तर वर, वळचणीखाली फट ठेवा.

टोकं न बघणे

पाहणीला आलेला माणूस मान वर करून छप्पर बघतो. कूज बहुतेक वेळा पायाशी असते. बाजूच्या जाळीची खालची लांब तुळई काठावरच्या दगडी बांधकामावर जिथे टेकते, तिथे चाकांची माती, बर्फावर टाकलेलं मीठ आणि कबुतरांची विष्ठा साचते. हा थर ओल धरून ठेवतो, आणि लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. टोच्या खुपसून थोडं उचकटून बघा. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड ठीक. कट्‌कन तुटून आखूड तुकडे पडले तर आतून गेलेलं आहे, वरचा रंग कितीही ताजा असो. वर्षातून दोनदा झाडू मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. टोकांभोवती काँक्रीट भरू नका. ओल कोंडते.

पूल खचला की लोखंडी गर्डर टाकणे

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. खालून गर्डर सगळा भार घेऊ लागले की वरची जाळी निव्वळ देखावा उरते, आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही. कुजलेला तेवढा भाग कापून त्याच जातीचं लाकूड जोडता येतं. न्यू हॅम्पशायरचे मिल्टन ग्रॅटन यांनी विसाव्या शतकात जुन्या पद्धतीने असे पूल दुरुस्त केले, पूल ओढायला बैलसुद्धा जुंपले. खचलेला पूल जॅक लावून उचलायचा तर हळूहळू. एका दमात उचलला तर खुंट्या फुटतात.

नुसती पाटी लावून मोकळे होणे

न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटला जोडणाऱ्या कॉर्निश-विंडसर पुलावर (1866) पूर्वीच पाटी होती, घोडे पळवू नका, चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. आता जीपीएसच्या भरवशावर येणारे उंच ट्रक पाटी वाचत नाहीत. व्हरमाँटमधल्या लिंडन गावचा मिलर्स रन पूल अशा ट्रकांनी कितीतरी वेळा फोडलाय. पुलाच्या अलीकडे, ट्रकला वळून परत जाता येईल अशा जागी, उंचीची आडवी कमान हवी.

फक्त लाकडाचीच काळजी करणे

28 ऑगस्ट 2011 रोजी आयरीन वादळाच्या पुरात व्हरमाँटचा बार्टन्सव्हिल पूल (1870) आणि न्यूयॉर्क राज्यातला ओल्ड ब्लेनहाइम पूल (1855) एकाच दिवशी गेले. बार्टन्सव्हिलला नदीने काठ पोखरला, आधार गेला आणि पूल कलंडला. कॉर्निश-विंडसरच्या जागीही आधीचे तीन पूल पुरांनीच नेले होते. पूर ओसरला की आधी दगडी बांधकामाचा तळ बघा, अडकलेली झाडं काढा, लाकूड नंतर.

आगीचंही तसंच. अमेरिकेच्या आयोवा राज्यातला सीडर पूल (1883) 2002 मध्ये जाळला गेला, पुन्हा बांधला, तर 2017 मध्ये परत जाळला. चीनच्या फूजियान प्रांतातला वानआन पूल 2022 मध्ये जळाला. धुराचे सेन्सर आणि कॅमेरे लावाच, पण त्याआधी प्रत्येक तुळईचं माप, प्रत्येक सांध्याचा फोटो आणि पुलाचे नकाशे काढून ठेवा. पूल जळाल्यावर ही मापं कुठूनच मिळत नाहीत.