वर्कबेंचपुढं टाकायची मॅट घेताना अंगठ्यानं दाबून बघा

सांगलीत आपल्याकडं बऱ्याच घरात मागच्या खोलीत शहाबादी नाहीतर कोटा फरशी असते, त्यावर दोन तास रंधा मारत उभं राहिलं की टाचा आणि कंबर बोलायला लागतात. मॅट घ्या, पण जितकी मऊ तितकी चांगली असं अजिबात नाही, मी पण आधी योगा मॅट टाकून बघितली होती, महिन्यात टाचेच्या जागी चपटी झाली आणि भुसा चिकटला तो वेगळाच.

दुकानात अंगठ्यानं जोरात दाबायचं, थोडं दबून लगेच वर आलं पाहिजे, अंगठा खालच्या फरशीला टेकला तर सोडून द्या. जाडी १५ ते २० मिमी बास. कडा उतरत्या असलेल्या बघा नाहीतर हातात फळी घेऊन वळताना हमखास ठेच लागते. मोटारीचं, ग्रीसचं काम असेल तर नायट्राइल रबर घ्या, साधं रबर तेलानं फुगतं. वेल्डिंग, ग्राइंडिंगच्या ठिणग्या पडत असतील तर फोम नकोच, भोकं पडतात.

स्वस्तातला उपाय म्हणजे गोठ्यात म्हशीखाली टाकतात ती रबर मॅट, हसू नका, डेअरीच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. कडक असते पण फरशीपेक्षा कितीतरी बरी, फक्त उचलायला दोघं लागतात आणि वास जाईपर्यंत आठवडाभर गच्चीवर सावलीत टाकून ठेवा.