कोड एडिटरमधल्या डॉक्युमेंटेशनचे, म्हणजे कोडबद्दलची माहिती दाखवणाऱ्या भागांचे, रंग बदलायला घेताय?

सेटिंग्जच्या फाइलची प्रत काढून ठेवा. पुढे.

नक्की काय बदलायचंय ते आधी ठरवा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फंक्शनवर माउस नेल्यावर उघडणारी चौकट वेगळी आणि रीडमीचा, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या मार्कडाउन फाइलचा, प्रीव्ह्यू वेगळा. 'मार्कडाउन.स्टाइल्स' या सेटिंगमध्ये दिलेली सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) प्रीव्ह्यूपुरतीच. चौकट तिला जुमानत नाही. चौकटीचे रंग 'वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स'मध्ये 'एडिटरहॉवरविजेट'च्या नावाने द्यायचे: पार्श्वभूमी, अक्षरं, कडा. त्यापलीकडे तिथे फार हात मारता येत नाही, उगाच खटपट करू नका.

आता नीट वाचा. थीमचं नाव चौकोनी कंसात न देता लिहिलेला रंग सगळ्या थीमना लागतो. सगळ्या. उजळ थीमवर बसून पार्श्वभूमी पांढरी केलीत, संध्याकाळी सिस्टिम गडद झाली आणि एडिटरही तिच्या मागोमाग गेला, की अक्षरं गडद थीमची फिकट आणि पार्श्वभूमी तुमची पांढरी. मागच्या वेळी माझं हेच राहिलं, आणि चौकट रिकामी येतेय असं समजून मी लँग्वेज सर्व्हरच्या, म्हणजे चौकटीतला मजकूर पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाने खडे फोडत बसलो. तेव्हा प्रत्येक थीमसाठी कंसात नाव आणि त्याखाली तिचे रंग. प्रीव्ह्यूच्या सीएसएसमध्ये बॉडीला 'व्हीएसकोड-लाइट' किंवा 'व्हीएसकोड-डार्क' क्लास मिळतो, नियम त्यावर लिहा. हाय कॉन्ट्रास्टचा क्लास तिसरा, तो लोक हमखास विसरतात.

एक रंग बदलला की कंट्रोल-के, कंट्रोल-टी दाबून थीम बदला आणि बघा. दुसरा बदलला की परत. शेवटी एकदम बघू म्हणालात तर फसलात. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, दोन्ही थीममध्ये. कोडच्या तुकड्यांची पार्श्वभूमी आणि लिंकचा रंग वेगळे असतात, तेही दोन्हीकडे तपासा.

एक्लिप्स एडिटरवाल्यांनो, जावाडॉकच्या (जावा कोडच्या डॉक्युमेंटेशनच्या) चौकटीची सीएसएस प्लगइनच्या आत आहे. तिथेच खरडलंत तर अपडेटमध्ये पुसलं जाईल. इंटेलिजे एडिटरची कंट्रोल-क्यूवाली डॉक्युमेंटेशनची खिडकी जावाच्या स्विंगवर चालते, तिथे फ्लेक्सबॉक्ससारखी नवी सीएसएस विसरा.

बाकी किरकोळ. विंडोजवर स्टाइलशीटच्या (सीएसएस फाइलच्या) पाथमधली उलटी तिरकी रेघ दोनदा. बाहेरची स्टाइलशीट एचटीटीपीएसवरूनच. बदल दिसला नाही तर विंडो रिलोड. मग थीम बदला. हो, आत्ताच बदलली असली तरी.