टीएमटीला जाताय? पट्ट्यावर चढण्याआधी हे वाचा

डॉक्टरांनी ‘एकदा टीएमटी करून घ्या’ म्हटलं की निम्मी धडधड तिथेच सुरू होते. टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, हृदयाची स्ट्रेस टेस्ट. पडून काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. श्रम वाढल्यावर हृदयाला रक्त कमी पडतं का, ते चालवूनच पाहावं लागतं.

आधी. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. मेटोप्रोलॉलसारख्या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या कधीकधी तपासणीपूर्वी थांबवायला सांगतात, पण आपल्या मनाने बंद करू नका. दोन-तीन तास आधी हलकं खा, नंतर फक्त पाणी. चहा, तंबाखू, सिगारेट नको. पायात चपला नकोत, बूट हवेत. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा.

खोलीत. संमतीपत्रावर सही, मग छातीवर चिकटपट्ट्या आणि वायरी. पुरुषांच्या छातीवर केस असतील तर तेवढ्यापुरता रेझर फिरवतात. रक्तदाब मोजतात, ईसीजी काढतात.

पट्ट्यावर. बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात. सुरुवात ताशी 2.7 किलोमीटर, म्हणजे देवळाच्या प्रदक्षिणेचा वेग; पण चढ 10 टक्के. दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात ताशी 5.5 किलोमीटर आणि 14 टक्के चढ आला की पोटऱ्या बोलायला लागतात. दांड्यावर हात नुसता टेकवा. त्यावर भार टाकून चालणं म्हणजे आपलीच फसवणूक. दम आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

220 वजा वय, त्याच्या 85 टक्के नाडी गाठायचा प्रयत्न असतो. पन्नाशीच्या माणसासाठी साधारण 145. मात्र छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, चक्कर, असं काहीही वाटलं तर तिथल्या तिथे सांगा. दहावीच्या परीक्षेसारखं दात-ओठ खाऊन पुढे जाणारे लोक असतात. ते ज्यासाठी आले तेच लपवतात.

उतरल्यावर. वायरी लगेच काढत नाहीत. काही बदल विश्रांतीतच उमटतात, म्हणून आणखी काही मिनिटं ईसीजी चालू राहतो.

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ असेल तर तो शब्द इथे चांगला नसतो, पण ब्लॉकेज नक्की आहे असाही त्याचा अर्थ नाही. विशेषतः बायकांमध्ये खोटा पॉझिटिव्ह बऱ्याचदा येतो. ‘निगेटिव्ह’ हीसुद्धा हमी नव्हे. लहान ब्लॉकेज यात सुटू शकतं. गुडघ्यांमुळे चालताच येत नसेल तर आधीच सांगा, औषध देऊन नाडी वाढवणारी डोब्युटामिन स्ट्रेस इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करता येते.